सिकलसेलग्रस्त बालक : निदानापासून नियमित उपचारापर्यंत

विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ व अमरावती आणि खानदेशातील नंदुरबार व धुळे या जिल्ह्यांत 'सिकलसेल' हा शब्द आता खेड्यापाड्यांतही परिचित झाला आहे. शाळा, अंगणवाड्या व आरोग्य शिबिरे यांतून रक्ततपासणी होते आणि 'एएस' किंवा 'एसएस' अशी अक्षरे लिहिलेले कार्ड घरी येते. पुष्कळ घरांत ते कार्ड शिधापत्रिकेबरोबर पेटीत ठेवले जाते आणि मुलाला पुन्हा ताप येईपर्यंत त्याची आठवण होत नाही. तपासणी झाली म्हणजे काम संपले, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः 'एसएस' हे निदान म्हणजे एका दीर्घ देखभालीचा केवळ आरंभ होय. ही देखभाल नियमितपणे चालू राहिली तर बालक शाळा शिकते, वाढते व कामाला लागते. ती खंडित झाली तर साधा वाटणारा तापही त्याच्या जिवावर बेतू शकतो. निदान आणि नियमित उपचार यांमधील अंतर कसे भरून काढावे, याचा विचार येथे केला आहे.

रोगाचे स्वरूप

तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन हे द्रव्य फुप्फुसांतील प्राणवायू शरीरभर पोचविते. निरोगी पेशी गोल, लवचीक व तबकडीसारखी असते आणि अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांतूनही सहज सरकते. सिकलसेल रोगात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते. व्हर्नन इन्ग्रॅम या शास्त्रज्ञाने हा फरक १९५६-५७ च्या सुमारास दाखवून दिला. बदल एवढाच, परंतु त्यामुळे प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात आणि पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. या आकारावरूनच रोगाला नाव मिळाले. शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

विळ्याच्या आकाराच्या पेशींचे दोन परिणाम होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी बहुधा १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्तक्षय कायम राहतो आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसतो. दुसरे म्हणजे, ताठ पेशी लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्यापुढील भागाचा रक्तपुरवठा थांबतो. हाडे, सांधे, पाठ किंवा पोट यांत उठणारी तीव्र वेदना ही या अडथळ्याची खूण होय. हा सांसर्गिक रोग नव्हे. एकत्र जेवल्याने, खेळल्याने किंवा एकमेकांचे कपडे वापरल्याने तो होत नाही.

नवजात बालकात मात्र काही महिने कोणतेच लक्षण दिसत नाही. गर्भावस्थेतील वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन जन्मानंतरही काही काळ रक्तात राहते व संरक्षण देते. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर ते घटत जाते आणि रोग प्रकट होऊ लागतो. बाळाच्या हातापायांची बोटे अकस्मात सुजणे व त्याने रडून आकांत करणे, हे अनेकदा पहिले लक्षण असते. मुका मार किंवा संधिवात समजून त्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव फार मोठा असतो.

वारसा कसा चालतो

प्रत्येक व्यक्तीला हिमोग्लोबिनच्या या साखळीचे एक जनुक आईकडून व एक वडिलांकडून मिळते. दोहोंपैकी एकच सदोष असल्यास ती व्यक्ती वाहक, म्हणजे 'एएस' असते. वाहक हा रोगी नव्हे. त्याचे आयुष्य सर्वसाधारण असते व त्याला औषधाची गरज नसते. दोन्ही जनुके सदोष असल्यास बालक 'एसएस', म्हणजे रुग्ण ठरते. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बालक रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढील तीन निर्दोष निघतील असा याचा अर्थ नाही. दर खेपेस तीच शक्यता नव्याने लागू होते. एका पालकाकडून सिकलसेलचे व दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचे जनुक आल्यासही बालक रुग्ण होऊ शकते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रुग्ण बालकाचा दोष केवळ आईच्या माथी मारणे शास्त्राला धरून नाही. वारसा दोन्हीकडून आलेला असतो आणि त्यात कोणाचाही अपराध नसतो.

हे जनुक विशिष्ट प्रदेशांत एवढे का टिकले, याचे उत्तर हिवतापात सापडते. वाहक व्यक्तीला घातक प्रकारच्या हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले. हिवतापाच्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजांत म्हणूनच वाहकांचे प्रमाण अधिक आढळते. मात्र हे संरक्षण रुग्णाला लाभत नाही. 'एसएस' बालकाला हिवताप झाल्यास त्याची प्रकृती झपाट्याने बिघडते. त्याच्यासाठी मच्छरदाणी अत्यावश्यक होय.

भारतात या रोगाची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये व आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये झाली. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील आढळाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. निरनिराळ्या आदिवासी जमातींत वाहकांचे प्रमाण ० पासून सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. भिल्ल, पावरा, माडिया, गोंड व परधान या जमातींबरोबरच विदर्भातील अन्य समाजांतही रुग्ण आहेत. तेव्हा याला एखाद्या जातीचा रोग म्हणणे चुकीचे आणि अन्यायकारक आहे.

किंग्स्टनचा धडा

अशा बालकांसाठी विशेष उपचार-केंद्र कशास हवे, ते वेस्ट इंडीजमधील जमैका बेटाच्या अनुभवावरून समजते. तेथे १९७३ ते १९८१ या काळात किंग्स्टनच्या प्रसूतिगृहात जन्मलेल्या एक लाख बालकांची रक्ततपासणी करण्यात आली आणि जी रुग्ण आढळली त्यांची डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून सातत्याने देखभाल केली. बालकांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण असे आढळले की, शरीरातील पुष्कळसे रक्त अकस्मात पानथरीत, म्हणजे प्लीहेत साठते. पानथरी भराभर वाढते, मूल पांढरेफटक पडते आणि काही तासांत दगावू शकते. रुग्णालयात पोचेपर्यंत वेळ निघून जात असे.

यावर योजलेला उपाय अगदी साधा होता. डाव्या बरगड्यांखाली हात ठेवून पानथरी कशी चाचपावी, हे केंद्रातील परिचारिकांनी मातांना शिकविले आणि ती नेहमीपेक्षा मोठी लागताच तत्काळ रुग्णालयात येण्यास सांगितले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार या विकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी घटले. मातेचा शिकलेला हात आणि ती येईल तेव्हा तिची ओळख असलेले केंद्र, एवढ्या दोन गोष्टींनी हे घडून आले.

दुसरा महत्त्वाचा पुरावा १९८६ मधील अमेरिकेतील अभ्यासाचा होय. सिकलसेलमध्ये पानथरी लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे न्यूमोकोकस जातीच्या जंतूंचा संसर्ग भयंकर रूप घेतो. लहान बालकांना दररोज दोन वेळा पेनिसिलिन दिल्याने अशा संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी कमी झाले. औषध जुने आणि स्वस्त होते; ते मिळण्यासाठी निदान लवकर होणे व औषधात खंड न पडणे, एवढेच आवश्यक होते.

विशेष केंद्रात काय घडते

सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागात मूल आजारी पडल्यावर येते. विशेष केंद्रात ते बरे असतानाही ठरलेल्या तारखेस येते. हाच दोहोंतील मूळ फरक होय. दर भेटीत वजन व उंची मोजली जाते, पानथरी तपासून तिचे माप नोंदविले जाते आणि बालक बरे असतानाचे हिमोग्लोबिन लिहून ठेवले जाते. पुढे संकटाच्या वेळी डॉक्टरांना तुलनेसाठी हीच नोंद उपयोगी पडते. नेहमी ८ ग्रॅम हिमोग्लोबिन असणाऱ्या मुलाचे ते ५ वर आले असेल तर धोका मोठा आहे, हे नोंद असल्यासच कळते.

पाच वर्षांपर्यंतच्या बालकाला पेनिसिलिन, तसेच फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या जातात. नेहमीच्या लसींबरोबर न्यूमोकोकसची लस घेतली आहे की नाही, ते पाहिले जाते. ही लस राष्ट्रीय लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने व २०२१ मध्ये देशभर समाविष्ट झाली. मेंदूतील रक्तप्रवाहाचा वेग ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोजण्याची डॉप्लर तपासणी २ ते १६ वर्षांच्या मुलांत दरवर्षी होणे इष्ट असते. या रोगात लहान मुलालाही पक्षाघात होऊ शकतो. ज्यांच्या तपासणीत धोका दिसतो त्यांना नियमित रक्त दिल्यास तो बहुतांशी टळतो, हे १९९८ मधील अभ्यासाने सिद्ध झाले आहे.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने उपचाराचे स्वरूप पालटले आहे. त्यामुळे रक्तातील गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढते आणि पेशी विळ्यासारख्या होण्याचे प्रमाण कमी होते. प्रौढ रुग्णांतील त्याची उपयुक्तता १९९५ मध्ये प्रस्थापित झाली. पुढे नागपूर येथील बालरोगतज्ज्ञांनी २०१२ व २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, कमी मात्रेतही या औषधाने मुलांच्या वेदनांचे झटके व रक्त देण्याची गरज घटल्याचे दिसून आले. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. त्याने पांढऱ्या पेशी कमी होण्याची शक्यता असल्याने आरंभी वारंवार व नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी करावी लागते. झटके थांबले म्हणून पालकांनी औषध परस्पर बंद करणे, ही वारंवार घडणारी व महागात पडणारी गोष्ट आहे. झटके थांबले ते औषध चालू असल्यामुळे, हे केंद्रातील समुपदेशकाने पुनःपुन्हा समजावून द्यावे लागते.

जुळणाऱ्या भावंडाकडून अस्थिमज्जा मिळाल्यास रोग समूळ बरा होऊ शकतो. परंतु सख्ख्या भावंडांपैकी एखाद्याची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच असते. जनुक-संपादनावर आधारित उपचारास ब्रिटन व अमेरिका या देशांत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा खर्च फार मोठा आहे. ग्रामीण भागातील बहुसंख्य बालकांच्या दृष्टीने आजचा खरा आधार म्हणजे वेळेवर होणारी भेट व खंड न पडणारे औषध हाच होय.

पालकांनी ओळखावयाची धोक्याची चिन्हे

पुढील चिन्हे दिसताच दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता बालकास रुग्णालयात न्यावे : १०१ अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक ताप, श्वास लागणे वा छातीत दुखणे, अकस्मात पांढरेफटक पडणे, पोटाची डावी बाजू फुगणे, तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, घरच्या औषधाने न थांबणारी वेदना, सतत उलट्या वा जुलाब. जाताना कार्ड बरोबर न्यावे व आपले मूल 'एसएस' आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

प्रतिबंधाच्या बाबी घरगुती आहेत. मुलाने दिवसभर भरपूर पाणी प्यावे, कडक उन्हात व कडाक्याच्या थंडीत अधिक वेळ राहू नये आणि नदीच्या गार पाण्यात डुंबू नये. वेदना उठल्यास अंगावर डाग देणे वा उपास घडविणे हानिकारक आहे. अशा वेळी पाणी, ऊब व वेदनाशामक औषध यांची गरज असते.

शिक्षकांची भूमिका

वर्षातील बहुतेक दिवस मूल शिक्षकांच्या नजरेसमोर असते. सिकलसेलग्रस्त मुलाच्या मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्ती कमी होते. त्यामुळे त्याला वारंवार लघवीस जावे लागते व तहानही लागते. वर्गात पाण्याची बाटली ठेवण्यास व मागताच बाहेर जाण्यास त्याला मुभा असावी. आश्रमशाळेत रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलास शिक्षा होते किंवा इतर मुले त्याला हिणवतात. रोगाचे हे लक्षण गृहपालांना माहीत असल्यास तो प्रसंग टळेल. खेळास त्याला सरसकट मनाई करू नये. थकल्यावर थांबण्याची सवलत द्यावी. धावण्याच्या शर्यतीस किंवा उन्हातील कवायतीस त्याच्यावर सक्ती नसावी.

वेदनेचा झटका बाहेरून दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, म्हणून मूल सोंग करीत आहे असा ग्रह होतो. अशा मुलाची गैरहजेरी ही आळस न समजता आजार समजावी व बुडालेला अभ्यास भरून काढण्यास त्याला साहाय्य करावे. आश्रमशाळेतील मुलाची औषधे व भेटीची तारीख यांची जबाबदारी एका निश्चित व्यक्तीकडे सोपवावी. मूल सुटीत घरी जाताना औषध बरोबर दिले आहे ना, हेही त्या व्यक्तीने पाहावे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा व अंगणवाड्यांना भेटी देतात. संशयित बालके त्यांच्या निदर्शनास आणून देणे शिक्षकांस सहज शक्य आहे.

पंचायत व प्रशासन

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. बाधित भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी व २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन अशी त्याची उद्दिष्टे आहेत. तपासणीचे आकडे वाढत असताना, आढळलेल्या रुग्णांपैकी किती बालके दर महिन्यास उपचारास येतात, हा प्रश्न आढावा बैठकीत तितक्याच आग्रहाने विचारला गेला पाहिजे. तपासणीचा प्रकारही समजून घ्यावा. विद्राव्यता चाचणी प्राथमिक स्वरूपाची असून ती वाहक व रुग्ण यांतील भेद सांगत नाही. सहा महिन्यांखालील बालकात तर ती विश्वसनीयही नसते. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीने खात्री झाल्याखेरीज कोणालाही रुग्ण म्हणू नये.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात 'एसएस' बालकांची स्वतंत्र नोंदवही असावी व तीत पुढील भेटीची तारीख लिहिलेली असावी. तारीख उलटून आठवडा झाला व बालक आले नाही, तर आरोग्य सेविका किंवा आशा स्वयंसेविका त्या घरी जाईल, अशी रीत पडावी. घरी जाऊन पाहिल्यावर खंडाची कारणे बहुधा साधी निघतात : एसटीच्या भाड्याला पैसे नाहीत, रोजगार बुडतो, कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले आहे, मागील खेपेस औषध मिळाले नाही. यांतील प्रत्येक कारणावर स्थानिक पातळीवर उपाय निघू शकतो. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबास दोन-तीन महिन्यांची औषधे व उपचाराची लेखी टिपणी बरोबर देणे, औषधसाठ्याची मागणी साठा संपण्यापूर्वी नोंदविणे आणि तालुक्यातील मुलांच्या भेटी एकाच दिवशी ठेवून वाहनाची सोय करणे, या गोष्टींना नवी योजना लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल रोगाचा समावेश आहे. प्रमाणपत्र कोठे व कसे मिळते, याची माहिती ग्रामपंचायतीने पालकांना करून द्यावी.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. रुग्णांची वा वाहकांची यादी सूचना-फलकावर लावू नये व ग्रामसभेत वाचू नये. वाहक मुलींचे विवाह त्यामुळे मोडतात आणि पुढच्या वेळी लोक तपासणीस येत नाहीत. विवाहापूर्वी दोन्ही पक्षांनी तपासणी करावी, हा सल्ला योग्यच आहे. पण वाहकाने विवाह करू नये असा त्याचा अर्थ नाही. वाहक व निर्दोष व्यक्ती यांच्या विवाहातून रुग्ण बालक जन्मत नाही. दोघेही वाहक असलेल्या दांपत्यास गरोदरपणाच्या प्रारंभीच मोठ्या केंद्रात गर्भनिदानाची माहिती मिळावी. निर्णय सर्वस्वी त्यांचा असावा.

महाराष्ट्रात या कार्याची परंपरा आहे. नागपूरचे संपत रामटेके यांना सिकलसेलग्रस्तांसाठी केलेल्या कार्याबद्दल २०१८ मध्ये मरणोत्तर, तर पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांना या रोगाच्या क्षेत्रातील दीर्घ कार्याबद्दल २०१९ मध्ये पद्मश्री देण्यात आली. त्यांचे कार्य पुढे नेण्यासाठी प्रत्येकाने वैद्यकीय ज्ञान मिळविले पाहिजे असे नाही. आपल्या गावात 'एसएस' बालके किती, त्यांच्या पुढील भेटीची तारीख कोणती आणि मागील भेट चुकली असल्यास कोणत्या कारणाने, हे तीन प्रश्न संबंधितांनी दर महिन्यास विचारले आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत पाठपुरावा केला, तर जिल्ह्याच्या ठिकाणचे विशेष केंद्र शेवटच्या पाड्यापर्यंत पोचेल आणि पेटीत पडलेले कार्ड पुन्हा उपयोगात येईल.